शोधनिबंध छापायला देताय? या चुका टाळा

‘सर, हे जर्नल केअर लिस्टमध्ये आहे ना?’ हा प्रश्न पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आसपास अजूनही रोज विचारला जातो. केअर लिस्ट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) चांगल्या जर्नलांची यादी. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं की ती यादी आता राहिलेली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती बंद केली. जर्नल कसं निवडायचं याचे सुचवलेले निकष तेवढे दिले आणि निर्णय विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधकांवर सोपवला.

पुण्यासाठी ही यादी घरचीच होती. त्याआधी यूजीसीची ‘मान्यताप्राप्त’ जर्नलांची एक जंगी यादी होती. पुण्यातले संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातली विद्यापीठांनी शिफारस केलेली 1,009 जर्नलं तपासली, तर 88 टक्क्यांहून अधिक निकषांत बसेनात. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नलं यादीतून काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षात नवी ‘केअर’ यादी तयार होऊ लागली आणि 2019 मध्ये ती खुली झाली. आता तीही गेली. माझ्या मते हे वाईट झालेलं नाही. यादीत नाव दिसलं की पुढचं डोकं बंद, ही सवय आपल्याकडे फार मुरली होती.

नाव खरं, जर्नल खोटं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. एखाद्या जुन्या, चांगल्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) उचलून कुणीतरी नवी वेबसाइट उभी करतं. मूळ जर्नल बिचारं छापील, त्रैमासिक. त्याची वेबसाइट तरी नसते, नाहीतर दहा वर्षांपूर्वीची असते. नकली साइट मात्र चकचकीत. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतो: ‘पेपर पाठवा, 3 दिवसांत रिव्ह्यू, 1,500 रुपयांत प्रकाशन, ई-सर्टिफिकेट फ्री, इम्पॅक्ट फॅक्टर 7.8.’ नाव जुन्या यादीत सापडतं, आयएसएसएन जुळतो, आणि पेपर भलत्याच दारात जाऊन पडतो.

आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक आहे. अर्ज केला की मिळतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. मराठी वाणिज्याच्या नव्याकोऱ्या मासिकाला 7.8 मिळालाय म्हणजे तो कुणीतरी विकलाय. म्हणून साइटवर जे लिहिलंय ते साइटबाहेर जाऊन तपासायचं. आयएसएसएनच्या जागतिक पोर्टलवर नाव, देश आणि प्रकाशक जुळतात का ते बघा. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जुना छापील अंक मिळाला तर त्यावरचा पत्ता आणि ईमेल साइटवरच्याशी ताडून बघा. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पानावर दिलेल्या ईमेलवर सरळ विचारा, ‘आपण या जर्नलच्या मंडळावर आहात का?’ जर्नलच्या साइटवर दिलेला ईमेल यासाठी वापरू नका. अनेकदा उत्तर येतं, ‘माझं नाव तिथे आहे हे मला आजच कळतंय.’

आणि घाई नेमकी कशाची, हेही एकदा विचारा. नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमांपासून प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट असेल तर ती लेखी बघा. ‘सगळे असंच सांगतात’ यावर 1,500 रुपये उडवू नका.

अडकलात तर

पेपर पाठवला आणि मग शंका आली, तर लगेच ईमेलने लिहा: ‘हा लेख मी मागे घेत आहे, छापू नये.’ फोनवर बोलून भागत नाही. कॉपीराइट फॉर्मवर सही केली नसेल तर आता करू नका, पैसे भरले नसतील तर भरू नका. काही ठिकाणी मागे घेण्याचीही ‘फी’ मागतात. ती देऊ नका, ईमेल जपून ठेवा आणि गाइडला त्याच दिवशी सांगा. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाविरुद्ध 2019 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. तिथल्या तक्रारीतही हेच होतं: फी आधी सांगत नाहीत, तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही आणि लेख मागे घेऊ देत नाहीत.

छापूनच आला असेल तर तोच लेख नव्या नावाने दुसरीकडे देणं म्हणजे दुसरी चूक. चांगल्या जर्नलला द्यायचाच असेल तर आधीचं सगळं संपादकांना कळवून विचारा. काही नकार देतील, तो सोसायचा.

टक्क्यांचा खेळ

‘नऊ टक्के आलं, सुटलो!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर हसूही येत नाही. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला, म्हणजे आधीच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाला, शिक्षा नाही, हे खरं. प्रबंधात 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही, 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअर साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. नऊ टक्क्यांत एकाच माणसाचा अख्खा निष्कर्ष उचललेला असू शकतो. उलट पद्धती सांगणारी ठरावीक वाक्यं आणि कायद्याची कलमं यांनी आकडा वीसवर जातो आणि त्यात गैर काही नसतं. अहवाल उघडा, रंगवलेलं प्रत्येक वाक्य बघा, मग बोला.

मराठीत तर वेगळीच गंमत आहे. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला प्रबंध पीडीएफ करून टाकला की सॉफ्टवेअरला त्यात इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि साम्य येतं शून्य. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास टायपिंग करून घेताना युनिकोडच मागा. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर ठीक. शून्य टक्के बघून खूश होणारा गाइड भेटला तर त्याला हा प्रयोग करून दाखवा.

दुसरी पळवाट भाषांतराची. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावाने छापला की मशीनला बऱ्याचदा सापडत नाही, पण त्या विषयातल्या परीक्षकाला दुसऱ्या पानावर कळतं. तिसरी, शब्द फिरवून देणारी अॅप्स. त्यांनी छापील इंग्रजीत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ (छातीचं संकट) आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) करून ठेवलंय. असे शब्द शोधून पेपर हुडकणारे संशोधक 2021 पासून हेच काम करताहेत.

नावं कुणाची?

विभागप्रमुखांचं नाव घालायची पद्धत आहे, असं सांगितलं जातं. पद्धत असेल, निकष वेगळे आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने चार अटी घातल्या आहेत आणि बाकीच्या विषयांतही त्या पुष्कळ वापरल्या जातात: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पुढे कामाची जबाबदारी. चारही हव्यात. निधी आणला, प्रयोगशाळा दिली, प्रूफं तपासली, यासाठी ऋणनिर्देश असतो. एआयला तर जबाबदारी घेताच येत नाही, म्हणून तो लेखक होत नाही. वापरलात तर कुठे आणि कशासाठी ते लिहा.

विभागप्रमुख मॅडमना हे कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. तोंडावर सांगायची गरज नाही. डेटा गोळा करायच्या आधी एक साधा ईमेल टाका: ‘मॅडम, या पेपरवर कुणाची नावं कोणत्या क्रमाने यावीत याबद्दल आपलं मत कळवाल का? मी पुढीलप्रमाणे समजत आहे...’ उत्तर आलं की कागद झाला. नंतर वाद झाला तर जर्नल न्यायनिवाडा करत नाही, ते प्रकरण संस्थेकडे पाठवतं, आणि संस्था पहिल्यांदा हाच ईमेल मागते. गाइडला न विचारता त्याचं नाव घालून पेपर पाठवणं हीही तितकीच मोठी चूक, आणि ती विद्यार्थी सर्रास करतात.

संमती मागाहून मिळत नाही

मुलाखती, सर्वेक्षण, रुग्णांची माहिती, काहीही असो. नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू करण्याआधी लागते. परीक्षकाने विचारल्यावर मागची तारीख टाकून आणलेलं पत्र उघडं पडतं. औषधाच्या चाचण्यांची सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. मानव्यविद्यावाल्यांना हे आपल्यासाठी नाही असं वाटतं. पण गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. तुमच्या परिशिष्टात ‘एक वृद्ध स्त्री, मुळशी तालुका’ एवढंच का? तिला नाव नको असेल तर ठीक, पण विचारलं होतं का?

एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवू नका, एका अभ्यासाचे चार तुकडे करू नका. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

छापल्यावर चूक सापडली तर

तक्त्यात आकडा चुकला आणि निष्कर्ष तोच राहत असेल तर संपादकांना लिहून शुद्धिपत्र मागा. निष्कर्षच ढासळत असेल तर लेख मागे घ्यायला स्वतःहून सांगा. मागे घेणं म्हणजे शिक्षाच, असा आपल्याकडे समज आहे. संपादकांसाठी नियम देणारी ‘कोप’ ही संस्था 1997 पासून आहे, आणि तिच्या मार्गदर्शनात मागे घेण्याचा हेतू संशोधनाची नोंद दुरुस्त करणं हा सांगितलाय. सूचनेत कारण लिहिलं जातं, म्हणून ‘प्रामाणिक चूक, लेखकांनी स्वतः कळवली’ हे शब्द त्यात येतील असं पत्र द्या, सहलेखकांच्या संमतीसह. मग बायोडेटातही लेखापुढे ‘मागे घेतलेला’ असं लिहा. मुलाखतीच्या पॅनेलवरचा कुणीतरी डीओआय (लेखाची कायमची ऑनलाइन लिंक) उघडून बघतोच.