आजोबांच्या रायफलची नळी बदलायच्या आधी

आधी नंबर बघा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा (हे सांगायला लागू नये), परवान्याचं पुस्तक शेजारी उघडून ठेवा आणि त्यात लिहिलेला नंबर हत्यारावर नेमका कुठं कोरलाय ते शोधा. नळीवर की ॲक्शनवर (नळीमागचा लोखंडी भाग, ज्यात काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, सरकतो)? मी हे केलं नव्हतं. पाटणच्या घरी आजोबांची .२७५ मापाची रायफल आहे, वारसानं माझ्या नावावर आलेली. मी ती उचलली, दुरुस्तीवाल्याकडं नेली, निम्मे पैसे आगाऊ दिले. नळी सोडवून टेबलावर ठेवल्यावर त्यानं भिंग लावलं आणि म्हणाला, "पाव्हणं, परवान्यातला नंबर तर ह्या नळीवरच हाय. ॲक्शनवर दुसराच हाय. ही नळी काढली तर तुमची रायफल म्हणायची कुठली?" आजोबांच्याही आधी कुणीतरी नळी बदललेली असणार, आणि परवाना लिहिणाऱ्यानं समोर दिसला तो आकडा उतरवून घेतलेला. पुढं नोंद दुरुस्त होईपर्यंत रायफल अकरा महिने डीलरकडं ठेवायला लागली. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा नंबर. दस्ता, म्हणजे लाकडी भाग, काढून खालच्या बाजूलाही बघा, कारण काही खुणा लाकडाखाली दडलेल्या असतात. फोटो काढा. आकडा जुळत नसेल तर नळीचा विषय तिथंच बंद करा आणि आधी कागद सरळ करा.

जुळला? मग नळी खरंच गेलीय का ते बघा. जुन्या काडतुसांच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि आपल्या कोयनेकडच्या पावसात पाण्याला काय तोटा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) असेच गंजून खड्डे पडतात. पण पुष्कळदा जो काळपटपणा दिसतो तो नुसता गोळीच्या तांब्याचा थर असतो. तांबं काढायचं सॉल्व्हंट लावून चार-पाच दिवस रोज चिंधी फिरवा. निळी-हिरवी येत असेल तोवर काही ठरवू नका. नळीच्या तोंडाची कड ठेचलीय का, ॲक्शनचे स्क्रू ढिले आहेत का, पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला एका बाजूनं दाबतंय का, हेही बघा. नेम चुकण्यात यांचाही हात असतो. माझी नळी मात्र खरंच गेली होती. उजेडात धरली की खड्डे नुसत्या डोळ्यांना दिसायचे.

आता कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप. इथं सगळ्यांना .३१५ चा मोह होतो, कारण ती काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात. पण .३१५ म्हणजे ८×५० आर, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं काडतूस. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउझर, शिकारी जिम कॉर्बेटनं वापरली तीच. तिचं बूड वेगळं, बोल्टचं तोंड वेगळं, मॅगझिन वेगळं. त्या मॅगझिनमध्ये कडेची काडतुसं एकमेकांत अडकतात. .३१५ हवी असेल तर .३१५ च विकत घ्या. .३०३ चं नावच काढू नका, तो प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं माप.

.३०-०६ चं बूड जुळतं, म्हणून लोक फसतात. ७×५७ चं पूर्ण काडतूस ७८ मिलिमीटर, .३०-०६ चं जवळजवळ ८५. हे सात मिलिमीटर कुठून आणणार? मॅगझिन लांबवायला ॲक्शन कोरायला लागते, आणि जिथं कोरायचं तिथंच बोल्टचा भार येतो. वर बार उडताना नळीतला दाब: ७×५७ ची अमेरिकी मर्यादा ५१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .३०-०६ ची ६०,०००. ॲक्शन माउझरच्या १८९८ च्या नमुन्याची नसून आधीच्या, १८९३ किंवा १८९५ च्या, नमुन्याची असेल तर विचारही नको. माझं मत विचाराल तर कॅलिबर बदलू नका, ७×५७ चीच नवी नळी घाला. आणि काडतुसं "मिळतात की" असं डीलर म्हणाला तर ऐकू नका. डबा दाखवा म्हणावं.

कशासाठी करताय हेही विचारा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. रानडुकरानं ऊस लोळवला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चाप ओढायचा नाही. राहिलं रेंजवरचं निशाण.

कायदा थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भाग हेही हत्यारच, म्हणून नुसती नळीसुद्धा परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. बदल करणाऱ्याकडंही त्या कामाचा परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला चालत नाही. हत्यारावरचा नंबर खोडणं, काढणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा. परत नंबरच आला बघा. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, लेखी उत्तर हातात, मग काम. उलटं करू नका, मी केलंय. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, त्यात वारसाचं पण धरतात; .३१५ नवी घ्यायचा विचार असेल तर तेवढी मोजणी करा.

बाकीचं पटापट सांगतो. नवी नळी बसल्यावर गो आणि नो-गो गेजनं (मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढं काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्या, प्रूफ टेस्टशिवाय (जादा दाबाच्या काडतुसानं घेतलेल्या चाचणीशिवाय) बार काढू नका. माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, नव्यानं लावायला लागेल. जुनी नळी भंगारात टाकू नका, ती पण हत्यारच. डीलरकडं पावती घेऊन जमा करा. निवडणूक जवळ असेल तर काम पुढं ढकला, हत्यार जमा करायची नोटीस कधी येईल सांगता येत नाही. नूतनीकरणाची तारीख बघा. आणि नव्या नळीवर जो नंबर पडेल तो परवान्यात चढला का, ते खिडकीवरच, घरी यायच्या आधी, वाचून घ्या.