जमीन झाकणारी झाडे लावताना या चुका टाळा

झाडांच्या बुंध्यांभोवतीची, कुंपणालगतची किंवा उतारावरची उघडी माती झाकण्यासाठी जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती लावल्या जातात, तेव्हा लावणाऱ्याची पहिली अपेक्षा अशी असते की आता तेथे तण उगवणार नाही. माझ्या मते बहुतेक वाफे या अपेक्षेमुळेच फसतात. ही झाडे तण दाबतात ती आपल्या सावलीने, म्हणजे पाने एकमेकांना भिडून मातीवर ऊन पडेनासे झाल्यावर. तोपर्यंतचे काही महिने, आणि सावकाश वाढणाऱ्या जातींच्या बाबतीत एक-दोन वर्षे, निंदणी आपल्यालाच करावी लागते.

शिवाय सावलीने अडते ते मुख्यतः बियांपासून उगवणारे तण. लव्हाळ्याच्या गाठीत आणि हरळीच्या कांड्यात पुन्हा पुन्हा कोंब काढण्याइतका अन्नसाठा असतो, त्यामुळे वरची पात उपटली तरी खालचा भाग जिवंत राहतो, आणि पसरलेल्या झाडांच्या मुळांत तो एकदा गुंतला की तण काढताना झाडेही उपटून येतात. म्हणून लागवडीआधी वाफा खणून गाठी आणि कांड्या हाताने वेचाव्यात, पाणी देऊन दोन-तीन आठवडे वाफा मोकळा ठेवावा, जे उगवेल ते खुरपीने गाठीसकट काढावे आणि ही फेरी निदान दोनदा करावी. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण पुढे कोणत्याही उपायाने त्याची भरपाई होत नाही. हरळी आधीच शिरली असेल तर तेवढा तुकडा पूर्ण उकरावा, झाडांचे निरोगी फाटे बाजूला काढून ठेवावेत आणि माती स्वच्छ झाल्यावरच ते पुन्हा लावावेत.

दुसरी चूक अंतराची. दोन्ही बाजूंनी ३० सेंमी अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरला सुमारे ११ रोपे लागतात, १५ सेंमी ठेवल्यास ४४. लवकर भरावे म्हणून सर्वच जाती दाट लावल्या तर वेगाने पसरणाऱ्या जातींत हवा खेळत नाही आणि दमट हवेत खोडे कुजतात. उलट मोंडो ग्रास या गवतासारख्या पानांच्या वनस्पतीसारखी सावकाश वाढणारी जात विरळ लावली तर मोकळी जागा तणाच्या हाती जाते. रोपांमधल्या मातीवर पालापाचोळ्याचा ५ सेंमी थर द्यावा, मात्र तो खोडांना टेकू देऊ नये.

जातीची निवड उन्हावरून करावी. चिनी गुलाबाची फुले सावलीत नीट उमलत नाहीत आणि त्याच्या फांद्या लांबट, विरळ होतात, तर मोंडो ग्रास अर्धवट सावलीत चांगले राहते. वेडेलिया या पिवळ्या फुलांच्या, जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पतीबाबत मी विशेष सावध करीन: ते कोठेही वाढते म्हणून हौसेने लावले जाते, पण त्याच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, आणि जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचा समावेश आहे. त्याची छाटणी ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नये.

पाने पिवळी पडली की लगेच खत घालणे ही घाई ठरते. आधी बोटभर खोल माती चाचपावी; ती सतत चिकट, ओली लागत असेल तर दोष निचऱ्याचा आहे आणि पाणी कमी केले पाहिजे. माती वाफशावर (म्हणजे ना फार ओली, ना कोरडी) असूनही जुनी पाने आधी पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता संभवते, आणि कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची, जी चुनखडीच्या जमिनीत वारंवार दिसते.

मधला भाग टकला पडून कडा मात्र हिरव्या राहिल्या, तर जुन्या फांद्या निबर झाल्या असे समजावे. तेथली माती मोकळी करून थोडे कुजलेले शेणखत मिसळावे आणि कडेचेच फाटे त्या जागी लावावेत.

मोठ्या झाडाखाली लागवड करताना खोडाभोवती ३० सेंमी जागा रिकामी ठेवावी आणि वाफा उंच करण्यासाठी मुळांवर मातीची भर घालू नये, कारण झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात आणि भरीखाली त्यांना हवा मिळत नाही. तेथे लहान रोपे निवडून मुळांच्या मधल्या फटींत खुरपीने छोटे खड्डे करून लावावीत, आणि पहिल्या वर्षी त्यांना वेगळे पाणी द्यावे, कारण वरचे पाणी मोठे झाड आधी ओढून घेते.