मुंबई ते लंडन किती लांब आणि किती तास? विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कसं काढायचं

ताई लंडनला असते, त्यामुळे ती यायची-जायची असली की आईचा एकच प्रश्न, "किती तास रे?" आणि तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून उत्तर दिलं की हमखास चुकतं. म्हणून नीट लिहितोय.

आधी एअरपोर्ट पक्कं करा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे बरेच आहेत, आपल्या गोव्यातही आता दाबोळी आणि मोपा असे दोन झालेत, त्यामुळे शहराचं नाव न बघता तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा बीओएम, हीथ्रोचा एलएचआर.

मग अंतर. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि हीथ्रोवर क्लिक करा, साधारण 7,200 किलोमीटर येतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका, पृथ्वी गोल आहे ना. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर ताणा, दोरा आपोआप उत्तरेकडून वळून जातो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. आकडा नॉटिकल माइलमध्ये (विमान-जहाजांचं अंतर मोजायचं माप) दिसला तर किलोमीटर काढायला 1.852 ने गुणा.

आता वेळ. अंतराला 850 ने, म्हणजे विमानाच्या ताशी किलोमीटरमधल्या साधारण वेगाने, भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा, कारण वर चढताना, खाली उतरताना आणि रनवेपर्यंत जाताना विमान हळूच असतं. 7,200 भागिले 850 म्हणजे साडेआठ तास, अधिक अर्धा, झाले नऊ. मुंबई-दिल्ली 1,140 किलोमीटर आहे, तिथे हिशोब दोन तासांच्या आत येतो पण तिकिटावर सव्वादोन असतात, कारण एवढ्या गर्दीच्या एअरपोर्टला रांगेत आणि घिरट्या घालण्यात वेळ जातो तो कंपन्या आधीच धरतात.

लंडनला जाताना मात्र नऊचे दहा किंवा जास्तही होतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना, जाताना ते समोरून येतात आणि परत येताना मागून ढकलतात, म्हणून येतानाचा प्रवास बहुतेक वेळा कमी तासांचा. शिवाय रस्ता बदलतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा त्या विमानांना वळसा पडायला लागला, नकाशावरचं अंतर तेवढंच पण तास वाढले.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6:30 ला पोचणारं विमान आहे. वजाबाकी केली तर साडेपाच तास, पण लंडन आपल्या मागे असतं, त्यात उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा, म्हणजे प्रवास झाला दहा तासांचा. हिवाळ्यात साडेपाच मिळवायचे. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात प्रवास असेल तर दोनदा तपासा.

आणि घरच्यांना सांगताना इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी मिळून दोन-अडीच तास अजून धरा, आईला मी लँडिंगची वेळ सांगतच नाही, ताई घरात शिरेल ती सांगतो.