किआंतीच्या टेकडीवर वाइन इस्टेट बघायला जाताय? मग असं करा

आधी उच्चार, कारण इथेच सगळे अडकतात. इटलीतल्या तोस्काना प्रांतातला हा वाइनचा भाग, त्याचं नाव चिआंती नाही, किआंती. इटालियनमध्ये सी-एच-आय आलं की त्याचा 'कि' होतो, बास. दुसरा घोळ म्हणजे 'किआंती' आणि 'किआंती क्लासिको' एकच समजणं. क्लासिको म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला जुना डोंगराळ भाग, ज्याच्या सीमा इथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने १७१६ सालीच फर्मान काढून आखल्या होत्या. नुसतं किआंती म्हणजे त्याच्या आजूबाजूला नंतर पसरलेला भलामोठा पट्टा, त्याचे नियम वेगळे, उत्पादकांचा संघ वेगळा. मी लिहितोय ते क्लासिकोबद्दल, ज्याच्या बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. तो कोंबडा नसेल तर ती क्लासिको नाही, इतकं सोपं.

आता जायचं कधी. मे-जून मस्त, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य हा तोडणीचा काळ, तेव्हा बघायला सगळ्यात भारी पण इस्टेटवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ सगळ्यात कमी. गाइओले गावाच्या बाजूला ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेरोइका नावाची जुन्या सायकलींची मोठी राइड असते, तेव्हा रूम मिळत नाहीत, तारखा आधी बघून घ्या. आणि १५ ऑगस्टच्या आसपास शक्यतो नकोच, फेर्रागोस्तोची सुट्टी असते, अर्धा देश समुद्रावर गेलेला असतो. मी एकदा नेमका त्याच आठवड्यात बुकिंग न करता गेलो आणि उन्हात तीन गेटांवरच्या बेल वाजवत फिरलो, तिसऱ्या गेटवर एक कुत्रं तेवढं आलं भेटायला.

तर बुकिंग करा. ईमेल टाका, किती जण, कुठली भाषा, शाकाहारी कोण ते लिहा. शाकाहारीचं आठवणीने लिहा कारण टेस्टिंगसोबत जे छोटे ब्रेडचे तुकडे येतात ना, त्यावरचा तो तपकिरी-काळपट लेप म्हणजे चटणी नाही, कोंबडीच्या काळजाचा असतो. बाई असाल तर 'सोनो वेजेतारियाना', बाप्ये असाल तर 'वेजेतारियानो'. आणि ब्रेड अळणी लागला तर तक्रार करू नका, तोस्कानात ब्रेडमध्ये मीठ घालतच नाहीत, सोबतच्या खारट पेकोरिनो चीजबरोबर खायचा.

दिवसाला दोन इस्टेट, त्याच्या वर एकही नाही. लोक चार-चार ठरवतात आणि तिसऱ्या ठिकाणापासून सगळ्या वाइन सारख्याच लागायला लागतात, पैसे वाया. सकाळी एक, दुपारी तीननंतर एक, मध्ये निवांत जेवण, कारण एक ते तीन तसंही बरंच काही बंद असतं.

जायचं कसं हा खरा प्रश्न. फ्लोरेन्सहून ग्रेव्हे गावाला बस जाते, साधारण तासभर लागतो, पण इस्टेट असतात गावापासून लांब टेकडीवर, तिथे बस नाही. गाडी घेतली तर एसआर २२२ हा रस्ता धरा, त्याला किआंतिजाना म्हणतात, ग्रेव्हे, पांझानो, कास्तेल्लीना सगळं त्याच्यावरच लागतं. इस्टेटकडे वळलात की डांबर संपून पांढरे खडीचे रस्ते सुरू होतात, तिथे हळू. रक्तात दर लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर मर्यादा शून्य. म्हणजे एकतर चालवणाऱ्याने थुंकायचं (त्याबद्दल पुढे), नाहीतर ड्रायव्हर ठेवायचा.

पोचल्यावर लगेच ग्लासाकडे धावू नका. आधी बागेत फिरवा म्हणावं. टेकडीवरची इस्टेट बघायला आलाय ना, मग टेकडी बघा की. उतार कुठल्या दिशेला आहे, किती उंचीवर आहे, खाली आणि वर काय लावलंय हे विचारा. उतारामुळे पावसाचं पाणी मुळाशी साचत नाही, ऊन तिरपं न येता नीट अंगावर येतं, आणि वर रात्री गार होतं म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकतो. थंड हवा जड असते, ती घरंगळत दरीत जाऊन बसते, त्यामुळे एप्रिलात हिमतुषार पडलं की खालची कोवळी फूट जास्त करून जळते आणि वरची बऱ्याचदा वाचते. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये असा दणका बसला होता. लामोले गावाची बाजू बघा, तिथे बागा ६०० मीटरच्या आसपास जातात, दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात, तिथली वाइन हलकी, सुगंधी. त्याउलट दक्षिणेला कास्तेल्नुओवो बेरार्देंगाकडे गरम, तिथली वाइन भरलेली, पिकलेली. एकच द्राक्ष, सांजोवेझे, पण टेकडी बदलली की वेगळाच माणूस वाटतो.

खाली वाकून माती हातात घ्या. पापुद्र्यासारखी सुटणारी खडकाळ चिकणमाती असेल तर तिला गालेस्त्रो म्हणतात, कडक फिकट चुनखडी दगड असेल तर आल्बेरेझे. 'गालेस्त्रो का आल्बेरेझे?' एवढा एक प्रश्न विचारा, समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो आणि तो टूरचं पाठ केलेलं भाषण सोडून खरं बोलायला लागतो, माझा अनुभव आहे. विजेची तार दिसली तर हात लावू नका, ती रानडुकरांसाठी असते. गोड द्राक्षं पिकली की जंगलातून थेट जेवायला येतात, आणि इथे जंगल बागांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मग तळघर. इथे पिंपाचा आकार बघा, बाकी स्टीलच्या टाक्या सगळीकडे सारख्याच. मोठ्ठी ओकची पिंपं, माणसापेक्षा उंच, त्यांना बोत्ते म्हणतात, त्यात लाकडाची चव कमी उतरते. छोटी २२५ लिटरची फ्रेंच पद्धतीची पिंपं म्हणजे 'बार्रीक' (फ्रेंच शब्द, आपलं बारीक नव्हे), त्यात व्हॅनिला, टोस्ट असली चव येते. ऐंशी-नव्वदच्या दशकात बार्रीकची फॅशन होती, आता बरेच जण परत मोठ्या पिंपांकडे आणि काँक्रीटकडे वळलेत. मला स्वतःला मोठ्या पिंपातलीच आवडते, छोट्यातली बऱ्याचदा फर्निचर चाटल्यासारखी लागते.

आता ग्लास. साधारण चढत्या क्रमाने देतात. पहिली साधी, म्हणजे आन्नाता, तोडणीच्या पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरनंतरच विकता येते. मग रिझेर्वा, किमान २४ महिने मुरवलेली. वर ग्रान सेलेत्सिओने, किमान ३० महिने आणि फक्त इस्टेटच्या स्वतःच्या द्राक्षांची, हा प्रकार २०१४ पासून बाजारात आला. तिन्हीत सांजोवेझे किमान ८० टक्के लागतं, बाकी कानायोलो, कोलोरीनो ही इथली द्राक्षं किंवा मेर्लोसारखी परदेशी जात वगैरे चालतं, ग्रान सेलेत्सिओनेसाठी मात्र हा आकडा ९० वर न्यायचं आणि परदेशी जातीची द्राक्षं बाद करायचं ठरलंय. आणि पूर्वी यात पांढरी द्राक्षंसुद्धा घालत असत हो! १८७२ साली ब्रोलिओ किल्ल्याच्या बेत्तीनो रिकासोलीने (हा इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला) एका पत्रात मिश्रण लिहून ठेवलं, त्यात लवकर प्यायच्या वाइनसाठी पांढऱ्या माल्वाझियाला जागा होती. पुढे कायद्याने पांढरी सक्तीचीच केली आणि वाइन पातळ झाली, मग वैतागून काहींनी नियमच सोडून दिले, आंतिनोरी या वाइनवाल्या घराण्याची तिन्यानेल्लो ही वाइन १९७१ पासून किआंती हे नाव न लावता साधी टेबल वाइन म्हणून विकली गेली आणि नाववाल्यांपेक्षा महाग झाली. २००६ पासून क्लासिकोत पांढरी द्राक्षं पूर्ण बंद. अशा नियमाबाहेरच्या वाइनवर आता 'तोस्काना आयजीटी' हे सैल नियमांचं लेबल असतं, म्हणून टेस्टिंगला कुणी तशी बाटली काढली तर ती हलकी समजू नका, विचारा ही नियमाबाहेर का ठेवलीत, छान गोष्ट ऐकायला मिळते.

चव कशी घ्यायची? रंग फिकट दिसला तर नाक मुरडू नका, सांजोवेझे मुळातच गडद नसतं. वास घ्या, आंबट चेरी, व्हायोलेट, सुकलेला पाला, जुनी असेल तर चामडं, तंबाखू. मग छोटा घोट, तोंडभर फिरवा. दोन गोष्टी कळतील, एक म्हणजे जिभेच्या कडांना पाणी सुटतं, तो आंबटपणा, आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तो तुरटपणा, सालीबियांमधून आलेला. नवख्याला पहिला घोट आवडतच नाही, आंबट-तुरट काय हे, असं होतं. तेव्हा चीजचा तुकडा खा आणि परत प्या, मग कळेल ही वाइन नुसती बसून प्यायला केलेलीच नाहीये, जेवणासोबतची आहे. उन्हाळ्यात ग्लास कोमट लागला तर सांगा, १६ ते १८ अंश बरी लागते, बिनधास्त थंड करून मागा.

आणि थुंका. टेबलावर भांडं ठेवलेलं असतं ते त्यासाठीच, कुणाला वाईट वाटत नाही, उलट तुम्ही सिरीयस आहात असं वाटतं. मी पहिल्यांदा संकोचाने सहाच्या सहा गिळल्या आणि शेवटी सगळ्यात महागडी आली तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही.

शेवटी विन सांतो विचाराच. तोडलेली पांढरी द्राक्षं, त्रेब्बियानो आणि माल्वाझिया, चटयांवर किंवा टांगून सुकवतात, मग रस अगदी छोट्या पिंपात बंद करून वर्षानुवर्षं ठेवतात, आणि ते पण तळघरात नाही, माळ्यावर! छपराखाली उन्हाळ्यात तापतं, हिवाळ्यात गारठतं, त्या चढउतारातच तिची चव तयार होते. सोबत बदामाची कडक बिस्किटं येतात, काही वाइनवाले बिस्किट बुडवलं की नाराज होतात, मी बुडवतो. जमलं तर तो माळा दाखवा म्हणावं, बऱ्याच टूरमध्ये नसतो पण विचारलं तर नेतात.

खरेदी करताना माझं मत असं की चांगल्या इस्टेटची साधी आन्नाता घ्या, स्वस्तातली रिझेर्वा नको. लेबलवर 'इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने' लिहिलेलं बघा, म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःच बाटलीत भरलेली. शहरातल्या दुकानात न मिळणारी जुन्या वर्षाची बाटली असेल तर तीच मागा. नोव्हेंबरनंतर गेलात तर ताजं ऑलिव्ह तेल पण घ्या, ते हिरवंगार आणि घशाला झोंबणारं असतं, खराब नाही, तसंच असतं.

बाटल्या बऱ्याच विमानतळांवर केबिन बॅगेत चालत नाहीत, १०० मिलीचा नियम आडवा येतो, चेक-इनमध्ये मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला नको. घरी पोचल्यावर लगेच उघडू नका, दोन आठवडे अंधारात आडवी पडू द्या, आणि जुनी असेल तर उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसतो.