कुत्र्यांसोबत चॅरिटी रन काढताय? या चुका टाळा

कुत्र्यांच्या आजारांवरील संशोधनासाठी निधी उभा करायचा आणि त्यासाठी कुत्र्यांनाच सोबत घेऊन धावायचं, ही कल्पना मला मनापासून आवडते. कोल्हापुरात पहाटे रंकाळ्यावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात गेलात, तर पळणारेही दिसतात आणि कुत्री फिरवणारेही. त्यांना एकत्र आणणं फार अवघड नाही. मात्र ज्यांच्या आरोग्यासाठी हा खटाटोप करायचा, त्यांनाच त्या सकाळी त्रास होणार नाही याची काळजी आधीपासून घ्यावी लागते.

सगळ्यात घातक चूक वेळेची. पत्रिकेवर साडेसहा छापायचं, पाहुणे साडेसातला येणार, सत्कार आणि भाषणं उरकेपर्यंत आठ वाजणार. माणसं हे निभावून नेतात, कुत्र्याला ते झेपत नाही. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजाच्या तळव्यांत असतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते. त्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत घ्या, उजाडल्याबरोबर धाव सुरू करा आणि सत्कार शेवटी ठेवा. पाहुणे आले नसतील तरी थांबू नका. मार्चनंतरची तारीख तर धरूच नका.

अंतरही बेताचं हवं, दोन-तीन किलोमीटर पुष्कळ झाले. ‘आमचा दमतच नाही’ असं मालक कौतुकाने सांगतात, पण कुत्रं मालकाच्या मागे दमलेलं असतानाही धावत राहतं. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाव नकोच, त्यांच्यासाठी सावलीतला छोटा फेरफटका ठेवा. वर्षाच्या आतलं पिल्लू, म्हातारं किंवा वजन वाढलेलं कुत्रं यांनाही तोच नियम. माजावर आलेल्या मादीला त्या दिवशी घरीच ठेवा. कारवानी किंवा मुधोळ जातीचा कुत्रा धावेल झकास, पण शिकारीच्या ओढीने तो मांजर दिसताच झेप घेतो. त्याला पाच-सहा फुटांचा पक्का पट्टा आणि नीट बसणारा हार्नेस (छाती-खांद्यांभोवतीचा पट्टा) लागतो. बटण दाबून लांबणारा दोर गर्दीत कुणाच्याच पायांसाठी सुरक्षित नाही.

धाव सुरू असताना कुत्रं खाली बसलं तर?

ओढू नका, रागावू नका. जीभ गडद लाल झालीय का, लाळ घट्ट आणि चिकट आहे का, चालताना झोक जातोय का, उलटी झाली का, ते पाहा. यातलं काहीही दिसलं तर सावलीत न्या, नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांवर, पायांवर भरपूर ओता आणि वारा घाला. ओलं टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी मार्गावर पशुवैद्य आणि गाडी दोन्ही तयार असायला हवीत.

पाण्याबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. रंकाळ्याचं पाणी कुत्र्याला पाजू नका. साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं आणि लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. सगळ्यांसाठी एकच घमेलं भरून ठेवणंही चूक, त्यातून केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) पसरतो. प्रत्येकाने आपलं भांडं आणावं. नोंदणीच्या वेळी लसीकरणाची पुस्तिका तपासा. रेबीजची पहिलीच लस असेल तर किमान महिनाभर आधी दिलेली हवी. अंगावर गोचीड असलेलं किंवा नुकताच गोचीड ताप येऊन गेलेलं कुत्रं धावायला घेऊ नका.

हलगी-घुमक्याशिवाय कोल्हापुरात कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही, मलाही वाटत नाही. तरी इथे ती बंद ठेवा. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. हलगी कडाडली की एखादं कुत्रं पट्ट्यातून मान काढून भर रस्त्यावर पळेल, दुसरं भेदरून शेजारच्याला चावेल. भांडण लागलंच तर तोंडांच्या मध्ये हात घालू नका, पाणी मारा आणि दोन्ही मालकांनी एकाच वेळी मागे ओढा. माणसाला चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय गाठा. चावणारं कुत्रं ओळखीचं आहे म्हणून चालढकल करू नका.

धावल्यावर मिसळ हवीच, पण कुत्र्याला तिच्यातला घासही देऊ नका. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य.

पैशांचा गोंधळ

‘निधी संशोधनासाठी’ एवढंच पोस्टरवर छापून मोकळं होणं, ही आयोजकांची नेहमीची चूक. भटक्या कुत्र्यांची नसबंदी किंवा जखमींवर उपचार ही मोलाची कामं आहेत, पण ती संशोधन नव्हेत. देणगीदाराला एक सांगून पैसा दुसरीकडे वळवू नका. संशोधन म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या मॉरिस ॲनिमल फाउंडेशनने २०१२ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू केला. त्यात ३००० हून अधिक कुत्र्यांची नोंद झाली आणि कर्करोग का होतो, याचा शोध त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून घेतला जातो. असं काम देणग्यांवर आणि चिकाटीवर चालतं.

आपल्या जवळ शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं १८८६ पासूनचं महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटून कोणत्या विषयाला पैसा हवाय ते आधी विचारा. मला विचाराल तर गोचीड ताप घ्या, आपल्या भागातल्या कुत्र्यांना तो फार छळतो. टी-शर्ट आणि मेडलचा खर्च प्रायोजकाकडून घ्या, म्हणजे नोंदणी शुल्क पूर्ण निधीत जाईल. करसवलतीची (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) पावती देणार असाल तर २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. आणि जमा-खर्च महिन्याभरात सगळ्यांना पाठवा, मागायची वेळ येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी कुत्रं लंगडत असेल तर पंजाचे तळवे आणि बोटांमधल्या फटी पाहा. फोड किंवा काटा सापडेल. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र देऊ नका, ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते. एक-दोन दिवस विश्रांती देऊनही पाय टेकत नसेल तर डॉक्टरांकडे न्या.