जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप लेहला काढण्याआधी

सुरुवात चेसिसपासून, रंग आणि सीट कव्हरं सगळ्यात शेवटी. कोल्हापूरच्या पावसात वर्षानुवर्षं उभी राहिलेली जीप मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी आणि बॉडी माउंटखाली गंजते. हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला की तिथला रंग खरवडा. गंजावरच पट्टी मारून वेल्डिंग करू देऊ नका, कुजलेला भाग कापूनच काढायला लावा. नाहीतर पट्टीच्या कडेने तडा जातो. पाटे उतरवलेच आहेत तर बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट नवे टाका. यू-बोल्ट ताण खाऊन लांबतात, जुने परत चढवायचे नाहीत, आणि नवेही ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काहीही बनवून मिळतं, आणि मेख तिथेच आहे. लेथवर खास काढलेला बुश मनाली-लेह वाटेवरच्या केलाँगमध्ये कुणाकडे असणार? बेअरिंग, ऑइल सील, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस स्टँडर्ड नंबरचेच घ्या, नंबर वहीत उतरवा. जे बनवून घ्याल त्याचे दोन नग करा.

रेडिएटर उघडून साफ, होज आणि कॅप नवी, कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून टाका असं फिटर हमखास सांगतो. ऐकू नका, तो नसला की थंडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं. डिझेल पंप-नोझलचं कॅलिब्रेशन इथेच उरका, थंडीत इंजिन सुरू करायला लागणारे चारही ग्लो प्लग तपासा. लेहच्या वाटेवरची टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. तिथे गाडी काळा धूर सोडणार, ओढ कमी होणार. म्हणून पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवू नका, धूरच वाढेल आणि इंजिन तापेल.

ब्रेकचे व्हील सिलिंडर किट, रबरी होज आणि ऑइल बदलल्यावर लेहला न्यायचं तेवढंच वजन भरून गगनबावडा गाठा, करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरा. खाली पोचलात की प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच रटरटत असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये. तिघे गरम आणि एक गार असेल तर तो धरतच नाहीये. परत चढताना नजर पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर.

सोबत दोन फॅन बेल्ट, होजचा सेट, चार डिझेल फिल्टर, नोझलचे तांब्याचे वायसर, एक क्रॉस, पुढच्या चाकाची बेअरिंगं, ब्रेक होज आणि एक मेन पाटा. फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा काढायला स्वतः शिका.

कागदांत आरसी आधी बघा: १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण ५ वर्षांचंच असतं. विमा, पीयूसी आलंच. आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा दिल्ली-एनसीआरमधला (राजधानी परिसरातला) घोळ २०१५ पासून चालू आहे. एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नव्हे. अलवर, रोहतक, पानिपत, कर्नालही त्यातच. त्यापेक्षा बिकानेर-हनुमानगड-भटिंडा करून वर निघा.