जुना लॅपटॉप रखडतोय? टाकायच्या आधी एवढं करून बघा

गेल्या महिन्यात खानापूरहून भाचा आला, पिशवीत लॅपटॉप घेऊन. २०१५ चा, पाचव्या जनरेशनचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. ताई त्याच्यावर दुकानाचं टॅली बघते आणि हा कॉलेजचं काय ते करतो. चालू केलो आणि घड्याळ लावून बघितलो (पुणेवाल्यांनी हसू नये, आम्ही बेळगावात असंच बोलतो), डेस्कटॉप यायला साडेचार मिनिटं! एका दुकानात सांगितलेले म्हणे की याचं आयुष्य संपलं. "मामा, नवीनच घेऊया की." म्हटलं थांब की जरा, दुखणं कुठं आहे ते तर बघू.

तर पहिलं काम म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो. काहीही चालू न करता दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १०-१५ टक्के आणि डिस्क मात्र १०० वर चिकटलेली असेल तर अडलंय हार्ड डिस्कपाशी. मेमरी ९० च्या आसपास असेल तर रॅम कमी पडूलीय, आणि हे दोन्ही एकत्र बघा, कारण रॅम भरली की विंडोज डिस्कचाच एक कोपरा रॅम म्हणून वापरतं, मग डिस्कही १०० दाखवते. कधी कधी नुसता अपडेट चाललेला असतो, अर्धा तास सोडून द्या आणि परत बघा.

त्याच खिडकीत स्टार्टअप म्हणून भाग आहे, तिथं गेम, चॅट, प्रिंटरवाल्यांची कायकाय प्रोग्रॅम ठाण मांडून बसलेली असतात, ती डिसेबल करा. टचपॅड, आवाज आणि अँटीव्हायरसला हात लावू नका. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये अँटीव्हायरस दोन आणि वर 'स्पीड वाढवणारे' क्लीनर तीन, हेच एकमेकांच्या उरावर बसलेले. सगळे काढलो, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो.

सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर सेटिंगमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, मग टेंपररी फाइल्स. पण डिलीट दाबायच्या आधी त्या यादीत 'डाउनलोड्स' आहे काय बघा आणि त्याची टिक काढा, नाहीतर मार्कशीटची पीडीएफ कुठं गेली म्हणून घर डोक्यावर घ्याल.

आता धूळ. उद्यमबागेत फाउंड्रीच्या शेजारी ऑफिस असलेल्यांनी हे नीट वाचा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, खालचं झाकण उघडल्यावर बॅटरीचाही कनेक्टर सोडवायचा, मगच पुढं. पंखा वरून स्वच्छ दिसतो, त्यावर जाऊ नका. पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीच्या मधे बघा, तिथं धुळीचं नमद्यासारखं जाड पटल जमलेलं असतं, चिमट्यानं ओढलं की अख्खं हातात येतं. गरम हवा बाहेर जायला वाटच नाही म्हटल्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो, आणि आपण म्हणतो म्हातारा झाला. ब्लोअर मारताना पंख्यात टूथपिक अडकवून धरा, गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढं पोचवणारा लेप) वाळून खडू झाली असेल तर पुसून नवीन, तांदळाच्या दाण्याएवढी बस्स. हे उघडायचं धाडस नसेल तर रिपेरीवाल्याकडे द्या, लाज नाही त्यात. आणि टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलीय, तो लॅपटॉप वापरायचाच थांबवा.

एवढं करून थोडा फरक पडतो, पण खरा फरक एसएसडीनं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवाल्या डिस्कनं. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडं पळणारी सुई. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली लागतात आणि सुई प्रत्येकीसाठी धावते. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी) घ्या, २५६ जीबी घरच्या कामाला पुरते. चपट्या एम-डॉट-टू प्रकारच्या एसएसडीचा मोह नको, जुन्या बोर्डाला ती चालेलच असं नाही.

बसवायच्या आधी बॅकअप, टॅलीचा डेटा तर दोन ठिकाणी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये जुनी डिस्क 'कॉशन' दाखवत असेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा काढा. क्लोनझिला नावाच्या प्रोग्रॅमनं जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी करता येते, पण मी म्हणतो ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाका, दहा वर्षांचा कचरा कशाला नवीन घरात न्यायचा. पुढं एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करत बसू नका.

रॅम ४ ची ८ केली की ब्राउझर सुटतो. या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची, म्हणून जुनी काढून दुकानात दाखवूनच घ्या. काहीत ती बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं विषय संपला.

एक अडचण राहतेच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, हा तर पाचवीचा. नुसतं ब्राउझर आणि अभ्यास असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, झकास चालते. पण टॅली आणि कन्नड टायपिंगची नुडी ही विंडोजची, पंचायतीची कामं करणाऱ्यांनी याचा विचार आधी करा. ताईसाठी म्हणून विंडोजच ठेवलो, मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून. बॅटरी मात्र नवीन घालायला लावलो, खानापुरात पावसात करंट कधी जाईल नेम नाही आणि टॅली लिहिता लिहिता धाडकन बंद पडलं की डेटा बिघडतो.

एसएसडी घातल्यावर आता २२ सेकंदात डेस्कटॉप येतो. भाचा थोडा हिरमुसलाच, नवीन मिळणार म्हणून मित्रांना सांगून बसलेला. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून दिलो, ताईच्या लग्नाचे फोटो अजून तिच्यातच आहेत.